चार देश, एक बॅग

पहिला परदेश प्रवास ठरला की घरात एक प्रश्न हमखास निघतो: पंधरा दिवसांसाठी किती कपडे घ्यायचे? मग एक वही निघते, यादी होते, शेजारच्या काकू "तिकडे फार थंडी असते हं" म्हणून दोन स्वेटर वाढवतात, आणि निघायच्या रात्री बॅगेवर बसून चेन लावावी लागते.

हा प्रश्न एका देशाच्या सहलीसाठी चालून जातो. एकाच प्रवासात अनेक देश येतात तेव्हा दिवस मोजून भागत नाही, बदल मोजावे लागतात. हवामान किती वेळा बदलणार, चलन किती वेळा, भिंतीतलं सॉकेट किती वेळा, कस्टमचा अधिकारी किती वेळा, आणि सामान आपल्या हातांनी किती वेळा उचलावं लागणार. बॅग भरायची ती या बदलांसाठी.

उदाहरणासाठी मराठी घरांतून नेहमी निघणारा एक मार्ग घेऊ. जून महिना, नवरा-बायको, दोघंही साठीच्या आसपास. मुंबईहून दुबईमार्गे लंडन, तिथून रेल्वेने पॅरिस, मग स्वित्झर्लंडमधलं इंटरलाकेन, पुढे व्हेनिस, शेवटी रोम, आणि दुबईमार्गेच परत. चार देश, एक थांबा, पंधरा दिवस.

१. सगळ्यात अरुंद वळण

जुन्या वाड्यात माडीवर लोखंडी कपाट चढवायचं असेल, तर दिंडी दरवाजा केवढा मोठा आहे याला अर्थ नसतो. जिन्याचं वळण मोजावं लागतं. कपाट तिथून गेलं तर सगळीकडून जातं.

अनेक देशांच्या प्रवासाचं गणित हेच आहे. मुंबईहून निघणाऱ्या विमान कंपनीने तुम्हाला तीस किलो सामान दिलं, म्हणून तीस किलो न्यायचं असं होत नाही. पुढचा प्रत्येक टप्पा तपासायचा आणि त्यातला सर्वांत कडक नियम संपूर्ण प्रवासाला लावायचा. वजनाचा नियम एका ठिकाणी कडक असेल, खाण्याच्या पदार्थांचा दुसऱ्या ठिकाणी, औषधांचा तिसऱ्याच. म्हणून हे वळण प्रत्येक बाबतीत वेगळं शोधावं लागतं. या प्रकरणात तेच करू.

२. वजन: रेल्वेत हमाल नाही

आपल्या मार्गावर लंडन-पॅरिस टप्पा युरोस्टार रेल्वेचा आहे. तिथे प्रत्येकी दोन बॅगा नेता येतात, प्रत्येकीची लांबी ८५ सेंटीमीटरपर्यंत. वजनाची मर्यादा नाही. सामान स्वतःला उचलता आलं पाहिजे, एवढीच अपेक्षा. ही अपेक्षा वाचायला सोपी वाटते. पण युरोपातल्या बहुतेक स्थानकांवर लाल डगल्यातला हमाल पुढे येत नाही. अनेक गाड्यांना दोन-तीन उंच पायऱ्या असतात, मधल्या स्थानकांवर गाडी दोन-चार मिनिटंच थांबते, आणि मोठं सामान दाराजवळच्या फडताळात किंवा डोक्यावरच्या रॅकवर आपणच ठेवायचं असतं.

लंडनच्या भुयारी रेल्वेची कितीतरी स्थानकं अशी आहेत, की रस्त्यापासून फलाटापर्यंत पायऱ्या टाळता येत नाहीत. पॅरिसमधल्या जुन्या हॉटेलांत लिफ्ट असलीच तर एक माणूस आणि एक बॅग मावेल एवढीच. आणि व्हेनिस! त्या शहराच्या जुन्या भागात मोटार नाही, रिक्षा नाही, सायकलसुद्धा नाही. चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. रेल्वे स्थानकाबाहेर पाऊल टाकलं की समोर कालवा आणि शेजारी पायऱ्यांचा दगडी पूल. आपल्या प्रवासातलं वजनाचं अरुंद वळण ते हेच. व्हेनिसच्या पुलावरून जी बॅग तुम्ही एका हाताने चढवू-उतरवू शकता, ती तुमची बॅग.

साठीच्या माणसासाठी ही मर्यादा बारा किलोच्या आसपास ठेवावी असं माझं ठाम मत आहे. पंधरा दिवस बारा किलोत कसे बसतात ते पाहू.

रोज वेगळा जोड घ्यायचा ठरवलं तर एक जीन्स सुमारे ७०० ग्रॅम, शर्ट २५०, आतले कपडे आणि मोजे १५०, म्हणजे जोडाला १.१ किलो. पंधरा जोड म्हणजे साडेसोळा किलो, नुसते कपडेच. आता दुसरी पद्धत. पातळ, लवकर वाळणाऱ्या कापडाच्या दोन पँट मिळून ८०० ग्रॅम, पाच शर्ट किंवा कुर्ते मिळून एक किलो, आतल्या कपड्यांचे पाच जोड ७५० ग्रॅम. झाले अडीच किलो. थंडीचे कपडे साधारण सव्वा किलो, बुटांचा जादा जोड पाऊण किलो, रिकामी बॅग तीन किलो, औषधं आणि साबण-तेल दीड किलो, खाऊ अडीच-तीन किलो. बेरीज बारा किलोच्या आत राहते.

फरक पडला तो धुण्यामुळे. पाच दिवसांनी एकदा आणि दहा दिवसांनी एकदा, अशी दोन धुणी पुरतात. रस्त्यावरच्या नाणी टाकून चालणाऱ्या धुलाईकेंद्रात दीड-दोन तासांत कपडे धुऊन वाळून मिळतात. रोजचे आतले कपडे रात्री बेसिनमध्ये धुवा, कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून तो टॉवेल जोरात पिळा आणि मग वाळत टाका. पातळ कापड सकाळपर्यंत वाळतं, जाड सुती कापड दमटच राहतं. म्हणून जीन्स घरी ठेवा.

३. एकाच दिवसात उन्हाळा आणि बर्फ

जूनमध्ये रोमला दुपारी तापमान तिशीच्या आसपास जातं. लंडनला विशी ओलांडली तरी लोक उन्हात बसायला बाहेर येतात, आणि पावसाची सर कधीही येते. पण खरी परीक्षा इंटरलाकेनला आहे.

इंटरलाकेन समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटरवर. तिथून बहुतेक प्रवासी युंगफ्राऊयोखला जातात. ते रेल्वे स्थानक ३,४५४ मीटरवर आहे आणि तिथवर १९१२ पासून गाडी जाते. हवेचा एक ठोकताळा लक्षात ठेवा: एक किलोमीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. इथे चढ सुमारे २.९ किलोमीटरचा. २.९ गुणिले ६.५ म्हणजे जवळजवळ १९. सकाळी खाली चोवीस अंश असेल तर वर पाच अंश. त्यात वारा असला की अंगाला शून्याखाली गेल्यासारखं वाटतं. सकाळी अर्ध्या बाह्यांचा शर्ट, दुपारी बर्फ, संध्याकाळी पुन्हा अर्ध्या बाह्या.

यासाठी बरेच जण एक जाडजूड कोट घेतात. तो दोन किलोचा असतो, बॅगेचा निम्मा भाग खातो, आणि पंधरापैकी एक दिवस वापरला जातो. त्यापेक्षा थर करावेत. ऊब देते ती कापडात अडकलेली हवा, कारण स्थिर हवेतून उष्णता फार हळू जाते. तीन पातळ थरांच्या आत आणि मध्ये अशी हवा कोंडली जाते. सर्वांत आत अंगाला चिकटून बसणारं लोकरीचं किंवा कृत्रिम धाग्याचं थर्मल. त्यावर मऊ फ्लीस किंवा साधा विणलेला स्वेटर. सर्वांत बाहेर वारा आणि पाणी अडवणारं पातळ जॅकेट. पावसाळ्यात आपण लोणावळ्याला, महाबळेश्वरला घालतो ते चांगल्या प्रतीचं विंडचीटर इथे चालतं. लंडनच्या सरीलाही तेच.

आतला थर सुती का नको? सुती कापड घाम शोषतं आणि धरून ठेवतं. पाण्यातून उष्णता स्थिर हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने निघून जाते. चढताना आलेला थोडासा घाम वर पोहोचल्यावर अंग गार पाडतो. आपल्या उकाड्यात सुती कापडाचा जो गुण, तोच तिथे दोष ठरतो.

बूट दोन जोड पुरेत, एक पायात आणि एक बॅगेत. दोन्ही निदान महिनाभर वापरलेले असावेत. नवे कोरे बूट घालून रोमच्या दगडी रस्त्यांवर दिवसभर चालणं म्हणजे पायाला फोड हमखास. साडी नेसणाऱ्यांनी एखादी हलकी सिंथेटिक साडी न्यावी. बर्फावर आणि सरकत्या जिन्यावर मात्र सलवार किंवा पँटच सुरक्षित. एक मोठी ओढणी किंवा स्टोल दोघांनीही ठेवावा. व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर दारावरूनच परत पाठवतात.

४. भिंतीतली छिद्रं

"तिकडे आपला चार्जर चालतो का?" याचं उत्तर दोन भागांत आहे, आणि ते दोन भाग लोक एकमेकांत मिसळतात. पहिला भाग विजेचा दाब. भारतात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. ब्रिटन, फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटलीतही तेच. म्हणून व्होल्टेज बदलणारं जड यंत्र न्यायची गरज नाही. जपानसारख्या १०० व्होल्टच्या देशात जाताना मात्र हा प्रश्न येतो, आणि तेव्हा चार्जरवर बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट असं छापलं आहे का ते पाहायचं.

दुसरा भाग पिनांचा आकार. युरोपच्या मुख्य भूमीवर बारीक, गोल, दोन पिनांचा चपटा प्लग फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली तिन्हीकडे बसतो. आपल्याकडच्या अनेक मोबाइल चार्जरांचा प्लग असाच असतो. अडचण तीन पिनांच्या लॅपटॉप प्लगची, कारण या तिन्ही देशांत तिसऱ्या पिनेची जागा वेगवेगळी आहे. स्वित्झर्लंडचं वळण अधिक अरुंद: तिथलं सॉकेट षट्कोनी खोबणीत असतं, त्यामुळे जर्मनी-फ्रान्समध्ये चालणारा जाड गोल अडॅप्टर त्यात शिरतच नाही. ब्रिटन पूर्ण वेगळं. तिथे तीन चौकोनी पिना लागतात, आणि वरची लांब पिन आत गेल्याशिवाय खालच्या दोन छिद्रांवरची झडप उघडत नाही. म्हणजे एक ब्रिटिश अडॅप्टर आणि एक बारीक दोन पिनांचा अडॅप्टर. सोबत एक छोटा भारतीय एक्स्टेन्शन बोर्ड घेतला, तर एका अडॅप्टरवर दोघांचे फोन आणि कॅमेरा चार्ज होतात.

पॉवर बँक मात्र हातातल्या सामानातच. लिथियमची बॅटरी बिघडली की स्वतःच तापत जाते आणि पेटते. केबिनमध्ये कर्मचारी ती पाण्याने विझवू शकतात, विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात तिच्यापर्यंत कुणी पोहोचू शकत नाही. मर्यादा १०० वॉट-अवरची. हिशोब सोपा आहे: २०,००० एमएएच म्हणजे २० अँपिअर-अवर, त्याला ३.७ व्होल्टने गुणलं की ७४ वॉट-अवर. चालते. दुबईच्या एमिरेट्स विमान कंपनीने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायलाच मनाई केली आहे; प्रत्येक प्रवाशाला एक, तीही बंद स्थितीत, जवळ ठेवता येते. फोन पूर्ण चार्ज करूनच विमानात चढा.

५. खाऊचा डबा

इथे थोडं थांबू, कारण मराठी बॅगेत सर्वांत जास्त प्रेमाने भरलेला आणि सर्वांत जास्त अडचणीत येणारा कप्पा हाच.

युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. ब्रिटनमध्येही भारतातून हे आणायला बंदी आहे. तूप, पनीर, खवा, पेढे, बर्फी यांना घरीच राहू द्या. सणासुदीला नातवासाठी केलेली खव्याची पोळीसुद्धा. नियम क्रूर वाटतो, पण त्याचं कारण आपल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. लाळ्या-खुरकूत. गाई-म्हशींच्या तोंडाला आणि खुरांना फोड आणणारा हा रोग दुधातून आणि मांसातूनही पसरतो. ब्रिटनमध्ये २००१ साली त्याची साथ आली तेव्हा साठ लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली. नीट न उकळलेलं खरकटं डुकरांना घातल्यामुळे ती सुरू झाली, असा चौकशीचा निष्कर्ष होता. तेव्हापासून एखाद्या डब्यातल्या पदार्थाकडेही तिथला अधिकारी संशयाने पाहतो, आणि मला ते योग्य वाटतं. एका बॅगेतला तुकडा एका देशाची दावण रिकामी करू शकतो.

फसवणारे पदार्थ वेगळेच आहेत. चहाचं प्रीमिक्स घ्या. "नुसतं गरम पाणी घाला" असं म्हणणाऱ्या त्या पुडीत दुधाची भुकटी असते. इन्स्टंट खीर, काही उपम्याची तयार पाकिटं, दह्यात मुरवलेली सांडगी मिरची, यांचंही तसंच. पाकिटामागचे घटक वाचा, दूध दिसलं तर बाजूला काढा. चहाची पत्ती, साखर, सुंठ, वेलदोड्याची पूड खुशाल न्या. दूध तिथे कुठल्याही दुकानात मिळतं.

भाजी आणि फळांचा नियम निराळा. युरोपीय संघात ताजं फळ, भाजी, पान आणायचं तर वनस्पती आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. त्यातून सूट फक्त पाच फळांना: अननस, केळं, नारळ, खजूर आणि ड्युरियन. आंबा या यादीत नाही. फळमाशी सापडल्यामुळे १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतातून येणारे आंबे बंद केले होते, हापूससकट. त्यासोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळूही. आंब्यांवरची बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठवण्याचा निर्णय झाला. व्यापाऱ्याच्या पेटीची तपासणी होते, प्रमाणपत्र मिळतं. तुमच्या बॅगेतल्या चार हापूसना ते मिळत नाही. हिरव्या कढीपत्त्यालाही नाही.

नारळाला युरोपची हरकत नसली तरी सुक्या खोबऱ्याच्या वाटीला विमानाची आहे. खोबऱ्यात तेल भरपूर असतं आणि ते साठवणीत आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमान वाहतुकीत त्याची गणना धोकादायक मालात होते. चटणी खोबऱ्याची नको, शेंगदाण्याची किंवा जवसाची करा.

आणि दुबईचा थांबा विसरू नका. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंदी घातलेल्या वस्तूंत आहे, कारण ती अफूच्या बोंडातलं बी. आपल्याला तिचा अंमली पदार्थाशी संबंध सुचतही नाही. अनारशावर ती असते, करंजीच्या सारणात असते, काही घरांच्या गोड्या मसाल्यात भाजून कुटलेली असते. मोठी बॅग थेट लंडनला जात असली तरी हातातलं सामान दुबईत तपासलं जातं. पुढचं विमान चुकलं आणि एक रात्र शहरात काढावी लागली, तर मोठी बॅगही तुमच्याबरोबर कस्टममधून जाऊ शकते. पंधरा दिवसांचा मसाला नेणार असाल तर तो खसखस न घालता वेगळा कुटा.

मग न्यायचं काय? मेथीचे ठेपले पहिल्या तीन दिवसांसाठी, तेलावर भाजलेले. मेतकूट, भडंग, पातळ पोह्यांचा चिवडा, खाकरे, गूळपापडी तूप न घालता, लसणाची कोरडी चटणी, भाजलेल्या बेसनात तिखट-मीठ मिसळून पिठल्याचं कोरडं पीठ. लोणचं हवंच असेल तर छोटी बाटली, झाकणाला टेप, दोन पिशव्यांत, मोठ्या बॅगेत. प्रत्येक पुडीवर इंग्रजीत नाव आणि घटक लिहा. अधिकाऱ्याला पिवळी पूड दिसली आणि तुम्हाला तिचं नाव सांगता आलं नाही, तर वेळ दोघांचाही जातो. शंका असलेली वस्तू स्वतःहून दाखवली तर फार तर ती काढून घेतात. लपवलेली सापडली तर दंड होतो.

लंडनहून पॅरिसला निघतानाही हाच नियम पुन्हा लागतो. ब्रिटन आता युरोपीय संघात नाही, त्यामुळे लंडनच्या दुकानातून घेतलेलं चीज सँडविचसुद्धा गाडीतून उतरण्याआधी संपवायचं.

६. औषधं

औषधांचे तीन नियम. सगळी हातातल्या सामानात. सगळी मूळ पट्टीत. सगळ्यांचं इंग्रजी प्रिस्क्रिप्शन, ज्यात औषधाचं मूळ नाव लिहिलेलं आहे.

मूळ नाव का? भारतातलं कंपनीचं नाव पॅरिसच्या औषधविक्रेत्याला कळत नाही. क्रोसिन म्हटलं तर तो पाहत राहील, पॅरासिटामॉल म्हटलं की लगेच देईल. मधुमेहाची, रक्तदाबाची गोळी हरवली तर मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन ही नावंच उपयोगी पडतात. अँटिबायोटिक तिथे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, म्हणून आपल्या डॉक्टरांना विचारून गरजेपुरतं सोबत ठेवा. आठवड्याच्या कप्प्यांची डबी न्यायला हरकत नाही, पण रिकामी न्या आणि मुक्कामी पोहोचल्यावर भरा. सुट्या गोळ्यांचं नाव कुणालाच सांगता येत नाही.

अरुंद वळण इथेही दुबईच आहे. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक, अल्प्राझोलामसारखी झोपेसाठी किंवा धास्तीसाठी दिली जाणारी गोळी, ही तिथे नियंत्रित औषधं आहेत. आपल्याकडे सांधेदुखीच्या पेशंटकडे ट्रॅमाडॉल असलेली गोळी सहज असते. अशी औषधं नेण्यासाठी अमिरातीच्या सरकारची आधी परवानगी घ्यावी लागते. निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना सगळी यादी दाखवा आणि पर्याय विचारा.

इन्सुलिन मोठ्या बॅगेत ठेवू नका. ते गोठलं की निकामी होतं. द्रव औषधांना हातातल्या सामानातली १०० मिलिलिटरची मर्यादा लागू नाही, फक्त तपासणीच्या वेळी ती वेगळी दाखवायची. आणि घड्याळ: जूनमध्ये लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, पॅरिस ते रोम साडेतीन तास मागे. पुण्यात सकाळी आठला घेतलेल्या गोळीची वेळ पॅरिसमध्ये पहाटे साडेचारला येते. वेळ कशी सरकवायची हे विमानात बसून ठरवू नका, डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

७. कागद आणि पैसे

चार देशांसाठी चार व्हिसा लागत नाहीत. लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावाजवळ १४ जून १९८५ रोजी झालेल्या करारातून जो समूह तयार झाला, त्यात आज २९ देश आहेत. फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली तिन्ही त्यात. तिघांसाठी एक व्हिसा. ब्रिटन त्यात नाही, त्याचा वेगळा.

इथे एक बारीक खाच आहे. आपण लंडन आधी ठेवलं, म्हणून एकदा प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा पुरतो. समजा तुम्ही पॅरिस, मग लंडन, मग स्वित्झर्लंड असा क्रम केला. पॅरिसहून लंडनला निघताच तो एक प्रवेश वापरून संपला, आणि स्वित्झर्लंडला जायला व्हिसाच उरला नाही. अशा क्रमासाठी अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा लागतो. तिकिटं काढण्याआधी क्रम ठरवा.

पासपोर्ट शेंगेनमधून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालू असावा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा, आणि पॉलिसीत ब्रिटनही धरलेलं हवं. व्हिसा, विमा, हॉटेल आणि परतीचं तिकीट यांच्या छापील प्रती दोघांच्या पिशव्यांत वेगवेगळ्या ठेवा. फोनमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नका. फोनच चोरीला जातो तेव्हा कागद लागतो.

चलनं तीन: पौंड, युरो, स्विस फ्रँक. भारतातून जाताना परकीय चलनाची रोकड बहुतेक देशांसाठी प्रत्येकी ३,००० डॉलरच्या किमतीपर्यंत नेता येते, पण तेवढी नेऊच नका. पहिल्या दोन दिवसांपुरती रोकड आणि बाकी दोन वेगळ्या कार्डांवर, एक त्याच्याजवळ आणि एक तिच्याजवळ. दुकानातल्या यंत्राने "रुपयांत पैसे देता का" असं विचारलं तर नाही म्हणा आणि तिथलं चलन निवडा. रुपयांचा दर ते यंत्र स्वतःच्या फायद्याने लावतं. देश सोडताना नाणी खर्च करून टाका, मनी चेंजर ती सहसा घेत नाही. एक-दोन युरो मात्र कायम खिशात असू द्या, स्वच्छतागृहासाठी.

८. लहान पण लागणाऱ्या वस्तू

स्वच्छतागृहाचा विषय निघालाच आहे तर संकोच न करता बोलू. लंडन, पॅरिस, इंटरलाकेनला बहुतेक ठिकाणी पाण्याचा फवारा नसतो, फक्त कागद असतो. दाबून पाणी येणारी छोटी प्लास्टिकची बाटली किंवा घडी होणारा सिलिकॉनचा मग सोबत ठेवा. इटलीत वेगळं चित्र दिसेल: तिथे १९७५ च्या नियमाने प्रत्येक घराच्या एका तरी न्हाणीघरात बिडे, म्हणजे धुण्यासाठीचं बुटकं बेसिन, सक्तीचं आहे, आणि हॉटेलांतही ते सर्रास असतं.

पाण्याची रिकामी बाटली न्या, भरून देणाऱ्या जागा भरपूर आहेत. चारही देशांत नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, आणि रोमच्या रस्त्यांवर वाहत्या पाण्याचे हजारो लोखंडी नळ आहेत. हातातल्या सामानात तेल, शाम्पू, क्रीम १०० मिलिलिटरच्या बाटल्यांत, एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून निघणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघड झाला, तेव्हापासूनचा हा नियम. काही विमानतळांनी नवी यंत्रं बसवून तो सैल केला आहे, पण तुमच्या मार्गावर एक जरी जुना विमानतळ असेल तर मर्यादा त्याचीच. कात्री, सुरी, मोठा नेलकटर मोठ्या बॅगेत.

९. बॅग आलीच नाही तर

दोन विमानं बदलताना बॅग मागे राहू शकते. म्हणून भरतानाच वाटणी करा: त्याच्या बॅगेत तिचे दोन जोड, तिच्या बॅगेत त्याचे दोन. हातातल्या सामानात दोघांचा एकेक जोड आणि सगळी औषधं. बॅग बंद करण्याआधी आतल्या वस्तूंचा आणि बंद केल्यावर बाहेरून बॅगेचा फोटो काढा. नाव आणि फोन नंबर बाहेर चिठ्ठीवर आणि आतही एका कागदावर लिहा, कारण बाहेरची चिठ्ठी फाटते.

तरीही बॅग आली नाही, तर तुमच्या बाजूने एक आंतरराष्ट्रीय करार उभा आहे. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार सामान हरवलं, मोडलं किंवा उशिरा आलं तर विमान कंपनी जबाबदार असते. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून ही जबाबदारी प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ एसडीआरपर्यंत आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक, रुपयांत ही रक्कम लाखाच्या वर जाते. मोडतोडीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांत करायची, उशिरा मिळालेल्या सामानाची एकवीस दिवसांत. दरम्यान घ्याव्या लागलेल्या कपड्यांची, टूथब्रशची बिलं जपून ठेवा. आणि सर्वांत आधी, सामानाच्या पट्ट्याजवळच असलेल्या विमान कंपनीच्या खिडकीवर जाऊन तक्रार नोंदवा. तिचा क्रमांक असलेला कागद हातात पडल्याशिवाय विमानतळाबाहेर जाऊ नका.